बेताचं मोहन

व्याकरणकार भाषेचे कितीही प्रकार सांगोत, माझ्या मते घरात दोनच भाषा बोलल्या जातात. एक ओसरीवरची, दुसरी चुलीपुढची. पहिली शाळेत शिकवतात. दुसरी मात्र कुणाच्या तरी शेजारी बसून, बोटांना चटके घेत शिकावी लागते.

माझी आई गेल्यावर तिची पदार्थांची वही भावाकडे राहिली. परवा त्याच्या लेकीने ती उघडली. शंकरपाळ्यांच्या पानावर लिहिलं होतं, ‘मैद्यात बेताचं मोहन घालावं.’

“आत्या, हा मोहन कोण गं?” तिने फोनवर विचारलं. थट्टा होती, पण प्रश्नही होता. मी हसले, आणि मनात चर्र झालं. वही शाबूत होती, अक्षर मोत्यासारखं होतं, तरी ती वाचता येत नव्हती.

मोहन म्हणजे पिठात घालायचं कडकडीत तूप किंवा तेल. ते पिठाच्या कणाकणाला लपेटतं आणि पाणी लागल्यावर पीठ चिवट होऊ देत नाही. कमी पडलं तर शंकरपाळे दाताला दाद देत नाहीत. जास्त झालं तर कढईतच विरघळतात. ‘बेताचं’ म्हणजे या दोन संकटांच्या मधलं!

पाकाचंही तसंच. बोट आणि अंगठा यांच्यात एक तार निघाली की तो एकतारी. गार पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी वळली की गोळीबंद. थर्मामीटर लावला तर तेव्हा पारा साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सिअसवर असतो. पण आईचा थर्मामीटर म्हणजे तिची दोन बोटं.

काही शब्द भांड्यांबरोबरच गेले. पूर्वी पाण्याला आधण आलं की त्यात तांदूळ वैरायचे. कुकर आला आणि आधण, वैरणं मागे पडून ‘तीन शिट्या’ आल्या. शिट्यांवर माझा राग नाही. १९७० साली निघालेल्या ‘रुचिरा’त कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याची मापं दिली, तेव्हा कितीतरी नवख्या मुलींना धीर आला. पण वाटी ‘किती’ ते सांगते. ‘केव्हा’ ते सांगत नाही. ते सांगतात तडतडणं, खमंग, तांबूस, एकतारी हे शब्द. कान, नाक, डोळे, बोटं यांना कामाला लावणारे.

म्हणून मी पुतणीला समासात लिहायला सांगितलं : ‘मोहन चोळलेलं पीठ मुठीत दाबावं. मूद राहावी, आणि बोट लावताच मोडावी.’ आईने हे लिहिलं नव्हतं, कारण लिहिताना तिच्या शेजारी आम्ही होतो.

तेलकट डागांची अशी एखादी वही तुमच्याही घरी असेल. यंदा फराळ करणारीला, किंवा करणाऱ्याला, एकदा विचारा, “बेताचं म्हणजे किती?” उत्तर येईल, “अंदाजाने!” तेवढ्यावर मात्र पाटावरून उठू नका.