दोष रुळांचा की चाकांचा?

संकेश्वरास आगगाडीचे स्थानक नाही. गाडी पाहावयाची तर घटप्रभा गाठावी लागते. त्यामुळेच की काय, पुण्याच्या सहलीत कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहिले आणि आमच्या विद्यार्थ्यांना आगगाडीने झपाटले. १९९८ साली सुरू झालेल्या त्या संग्रहालयातील इवल्या गाड्या त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात. विज्ञान प्रदर्शनात आपलीही गाडी धावलीच पाहिजे, असा हट्ट त्यांनी धरला.

एका माजी विद्यार्थ्याने आपले बालपणीचे इंजिन आम्हांस दिले. त्याचे प्रमाण १ : ८७ आणि रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर. रूळ मात्र नवे आणले. ते खऱ्यासारखे दिसावेत म्हणून बुटके, अवघ्या १.८ मि.मी. उंचीचे घेतले. जुन्या इंजिनांच्या काळी सुमारे २.५ मि.मी. उंचीचे रूळ सर्रास असत. दहावीतील एका विद्यार्थ्याने पंधरा दिवस खपून हे नवे रूळ फळीवर बसविले.

गाडी सुरू केली मात्र, खटखट, खटखट! प्रत्येक स्लीपरपाशी हिसका बसे आणि इंजिन मध्येच निपचित पडे. चार पालकांदेखत आम्ही त्या मुलास म्हणालो, "रूळ वेडेवाकडे बसविलेस. उखड आणि पुन्हा बसव." आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्राचे ज्ञान बेताचे, पण अधिकार मोठा!

मुलगा उलट बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने चाकांच्या आतल्या कडेस, जिला रेल्वेत फ्लँज म्हणतात, शाई लावली. मग इंजिन हाताने ढकलले आणि हळूच म्हणाला, "सर, जरा इकडे पाहता का?" रूळ स्लीपरांना धरून ठेवणाऱ्या बारीक खिळ्यांच्या माथ्यांवर शाईचे ठिपके उमटले होते. रूळ सरळच होते; चाकाची कड अधिक खोल होती.

प्रयोगशाळेतील व्हर्नियरने मोजले. कड १.४ मि.मी. खोल आणि खिळ्यांवर मोकळी जागा जेमतेम १ मि.मी. चाक रुळावर टेकण्याऐवजी खिळ्यांवर चढत होते. इंजिनास वीज रुळांतूनच मिळते. स्पर्श सुटला की ते थांबणारच. आपल्या रेल्वेच्या खऱ्या चाकाची कड नवेपणी सुमारे २८.५ मि.मी. असते. आमच्या इंजिनाची कड ८७ पट केली, तर ती बारा सेंटीमीटर भरेल! खऱ्या गाडीतही चाक झिजून कड ३५ मि.मी. खोल झाली की ते चाक पुन्हा लेथवर चढवावे लागते.

आम्ही कानस हाती घेतली होती. परंतु हाताने घासल्यास कड एकसारखी राहत नाही, भुगा दातेरी चाकांत शिरतो आणि गेलेला धातू परत येत नाही. देणगीची वस्तू बिघडविण्याचे धाडस झाले नाही. अखेर गुऱ्हाळाच्या चरकाचे भाग करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने चाके लेथवर धरून, अगदी हलका हलका काप घेत कड ०.७ मि.मी.वर आणली. चाकांमधील अंतर पूर्वीइतकेच राखून आम्ही ती पुन्हा बसविली. खटखट थांबली, पण दोन सांध्यांवर गाडी घसरली. कड उथळ झाली म्हणजे रूळ अधिक चोख लागतात. त्याच विद्यार्थ्याने ते सांधे घासून सपाट केले आणि प्रदर्शनात गाडी दोन्ही दिवस सुरळीत धावली.

या खटाटोपात एक गोष्ट आम्ही शिकलो. गाडीचा भार चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या भागाने वाहावयाचा. तो भाग किंचित शंकूच्या आकाराचा असतो, म्हणून चाक पुष्कळदा आपणहूनच मध्यावर येते. कड असते ती केवळ वेळप्रसंगी सावरण्यासाठी. शिक्षकाचा अधिकारही असाच असावा. तो पावलोपावली खिळ्यांवर आपटू लागला, तर दोष रुळांचा नव्हे.

चार पालकांदेखत आम्ही त्या मुलास बोललो होतो. म्हणून चूकही त्यांच्यादेखतच कबूल केली. आज ती येथे छापूनही देत आहोत.