वेळ पाळणारा बोर्ड आणि त्याची नोंद

रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम ठरल्या वेळेत हमखास उत्तर देते. नुसता वेग तिथे पुरत नाही. रास्पबेरी पायसारख्या ६४-बिट बोर्डावर त्यासाठी लिनक्सचा ‘प्रीएम्प्ट-आरटी’ पर्याय वापरता येतो. २०२४ मधल्या ६.१२ आवृत्तीपासून तो मूळ कर्नेलमध्येच आहे. अशा बोर्डाची मार्गदर्शिका लिहिताना आधी बोर्डाचे मॉडेल, कर्नेलची आवृत्ती, निवडलेले पर्याय आणि वीजपुरवठा नोंदवावा. मग विलंब मोजणारी ‘सायक्लिकटेस्ट’ चाचणी चालवावी. सरासरी विलंब फसवा असतो. प्रोसेसरवर भरपूर ताण देऊन मोजलेला सर्वाधिक विलंबच लिहावा. ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की बोर्ड आपला वेग उतरवतो. म्हणून झरी जामणीसारख्या गावात मे महिन्याच्या उकाड्यात मोजणी केली, तर तापमानही लिहायलाच हवे. त्याच पायऱ्यांनी दुसऱ्यालाही जवळपास तेच आकडे मिळाले, की नोंद विश्वासार्ह ठरते.