तांबडा दिवा

वैद्य दोन प्रकारचे असतात. एक नाडी पाहून मग औषध देतो; दुसरा औषध देऊन मग नाडीचे काय होते ते पाहतो. माणसांच्या वैद्यांविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही; परंतु यंत्रांच्या वैद्यांचा अनुभव आम्ही गेल्या दोन वर्षांत पुष्कळ घेतला, आणि त्यांत दुसऱ्या वर्गाचीच संख्या मोठी आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

आमच्या घरी येझदी जातीची एक जुनी मोटारसायकल आहे. तिचा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला, तेव्हा तिचे वय वाचकांनी अदमासाने ताडावे. ती आमच्या वडील बंधूंनी घेतली होती. ते निवर्तल्यावर ती आमच्याकडे आली. आम्ही जळगावास एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि मातोश्री धुळ्यास जुन्या घरी राहतात. त्यामुळे आठवड्यातून एक फेरी ठरलेली. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, ही गावे आता आम्हांस पाढ्यासारखी पाठ झाली आहेत. पूर्वी सहा क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा आणि आता त्रेपन्न क्रमांक मिरवणारा हा महामार्ग दिवसा सोसवतो. रात्री मात्र समोरून मालमोटारींची रांग, कडेने कपाशीने फुगलेल्या गाड्या, आणि आपला दिवा तेल संपत आलेल्या समईसारखा मिणमिणता, अशी स्थिती झाली म्हणजे इतिहासाच्या अध्यापकासही भविष्याची चिंता वाटू लागते. इकडे मातोश्री आमचा पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत अंथरुणास पाठ लावीत नाहीत.

म्हणून पुतण्या एके दिवशी म्हणाला, "काका, बाबांची आठवण म्हणून तुम्ही ती ठेवलीत हे मला कळतं. पण आठवण घरात ठेवायची असते, तिच्यावर बसून रात्री पारोळ्याला जायचं नसतं. विकून टाका." गाडी त्याच्या वडिलांची, तेव्हा बोलण्याचा अधिकार त्याचा आमच्याहून मोठा. शिवाय त्याचे म्हणणे सयुक्तिक होते. त्यास भावनेने उत्तर देणे शक्य नव्हते; उत्तर एकच होते, आणि ते म्हणजे दोष नेमका कोठे आहे हे शोधून काढणे.

तोपर्यंतचे उपचार असे झाले होते. एका दुकानदाराने बॅटरी बदलली. चार महिन्यांत ती निकामी झाली, तेव्हा दुसऱ्याने पुन्हा बदलली आणि खापर खानदेशच्या उन्हाळ्यावर फोडले. आमचा उन्हाळा निर्दोष आहे असे नाही. वैशाखात जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, बॅटरीतले पाणी आटते, आणि शुद्धोदक वेळेवर न घातल्यास तिच्या पट्ट्या उघड्या पडून खराब होतात. परंतु आमची बॅटरी मार्गशीर्षातही मरत होती. तिसऱ्याने दाब आवरणारा नियामक, म्हणजे रेग्युलेटर, नवा बसवला. रांजण रोज रिकामा राहतो म्हणून कोणी रांजण बदलला, कोणी त्यावरचे झाकण बदलले. नळास पाणी येते की नाही, हे पाहण्यास कोणासच सवड नव्हती.

ती सवड धुळ्याच्या एका वृद्ध मिस्त्रींस होती. त्यांनी प्रथम बॅटरीची टोके घासून स्वच्छ केली, कारण त्यांवर साचलेला पांढरा-हिरवा क्षार हाच पुष्कळदा सारा रोग असतो. मग इंजिन बंद असता मीटर लावला. सहा व्होल्टांच्या बॅटरीत तीन घर असतात. प्रत्येकाचे सुमारे 2.1, म्हणजे भरलेल्या बॅटरीने 6.3 च्या आसपास दाखवावे. तिने सहाच्या खाली दाखवले. त्यांनी ती बाजूस ठेवून आपल्याजवळची भरलेली बॅटरी जोडली. उपाशी माणसाची ताकद मोजून काही कळत नाही, हे त्यांस ठाऊक होते. मग इंजिन चालू करून मध्यम गती दिली. या वेळी आकडा सातापर्यंत चढावयास हवा. तो जागचा हलला नाही. "सर, बॅटरीना काय दोस शे?" मिस्त्री आपल्या अहिराणीत म्हणाले. दोन वर्षांत हा प्रश्न प्रथमच विचारला गेला होता.

आता उरले डायनॅमो, नियामक आणि मधल्या तारा. या गाडीवर एक तांबडा दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो, आणि डायनॅमोचा दाब बॅटरीच्या बरोबरीस आला की विझतो. आमचा कधी विझे, कधी न विझे. आणि आजवर सर्वांनी त्याकडे दुर्लक्ष केले होते. मिस्त्रींनी इंजिन बंद ठेवून, किल्ली लावून, किक हाताने हळूहळू दाबली. दिवा लुकलुकू लागला. इंजिन बंद असता त्याचा प्रवाह डायनॅमोच्या ब्रशांतूनच पुढे जातो. तेव्हा फिरवताना तो लुकलुकतो, म्हणजे ब्रश नीट टेकत नाही. झाकण उघडले. एक ब्रश झिजून आखूड झाला होता आणि कोळशाच्या भुकटीत आपल्या घरातच अडकून बसला होता. ज्या तांब्याच्या नळकांड्यावर तो टेकावयाचा, ते काळे पडले होते. ब्रश बदलले, नळकांडे घासले, खाचा साफ केल्या. इंजिन सुरू करताच आकडा सातापलीकडे गेला आणि तांबडा दिवा विझला.

एवढ्याशा कोळशाच्या तुकड्याने एवढा अनर्थ का व्हावा? फॅरडेने 1831 साली चुंबक आणि वेटोळे यांच्या गतीतून वीज काढून दाखवली. पुढे 1867 च्या जानेवारीत बर्लिनच्या अकादमीपुढे वेर्नर सीमेन्स यांचा शोध मांडला गेला, तो असा की, यंत्राच्या लोखंडात मागच्या खेपेचे जे किंचित् चुंबकत्व शिल्लक राहते, तेवढ्या भांडवलावर थोडी वीज निर्माण होते. ती वेटोळ्यांत फिरून चुंबकत्व वाढवते. वाढलेले चुंबकत्व अधिक वीज देते. असे करीत यंत्र स्वतःच स्वतःस उभे करते. मात्र आरंभीची ती वीज अतिशय दुबळी असते. वाटेत ब्रश नीट टेकत नसेल, तर ती तेथेच अडखळते, आणि पुढची सारी वाढ खुंटते. म्हणजे डायनॅमो शाबूत, बॅटरी शाबूत, नियामक कोरा. आणि तरीही अंधार!

धुळ्यात बसून हे पाहताना आम्हांस इतिहासाचार्य राजवाड्यांचे स्मरण झाले. 1926 च्या अखेरीस त्यांनी याच गावी देह ठेवला. त्यांचे नाव धारण करणारे संशोधन मंडळ आजही येथे आहे. अस्सल कागद पाहिल्यावाचून इतिहास लिहू नये, या आग्रहापायी त्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली. मिस्त्रींचा मीटर आणि राजवाड्यांचा कागद यांत आम्हांस फरक दिसत नाही. साक्षीदार आधी तपासावा, निकाल मागून द्यावा. आणि एका वेळी एकाच साक्षीदाराची उलटतपासणी करावी.

मिस्त्रींनी पैसे मागितले ते केवळ दोन ब्रशांचे. दीड तास शोधण्यात गेला त्याचे काय, असे विचारता ते हसले. वस्तू दिल्यावाचून पैसे मागणे त्यांस लाजिरवाणे वाटत होते. ज्यांनी निदान केले नाही त्यांनी दोन बॅटऱ्यांचे आणि एका नियामकाचे मोल घेतले. ज्याने केले, त्यास निदानाचे मोल मागण्याची सोय नाही. गिऱ्हाईक हातात पडलेल्या वस्तूचे पैसे देते, डोक्यात साठलेल्या ज्ञानाचे देत नाही; मग कारागीर वस्तूच विकू लागला, तर दोष एकट्या कारागिराचा कसा? आम्ही त्या दीड तासाचे पैसे त्यांच्या हाती बळेच ठेवले. ते शिकवणीचे पैसे होत, एवढे सांगितल्यावर त्यांनी घेतले.

पुतण्यास सर्व हकीकत सांगितली. त्याने ती मुकाट्याने ऐकली, किल्ली फिरवून तांबडा दिवा लागतो आणि विझतो हे दोनदा पाहिले, आणि विचारले, "काका, ते मिस्त्री कोणाला शिकवतात का?" गाडी विकण्याचा विषय त्यानंतर निघालेला नाही. येत्या सुटीत तो धुळ्यास आजीकडे राहावयास जाणार आहे. निदान आजीस तरी कारण तेवढेच सांगितले आहे.