तिसऱ्या रिचर्डचं कुबड

मागच्या शनिवारी ऑन-कॉल होतो. म्हणजे घराबाहेर पडायचं नाही, लॅपटॉप उघडा ठेवायचा आणि काही बिघडू नये म्हणून देवाचा धावा करायचा. बाहेर पाऊस, हातात चहा. काहीच बिघडेना, तेव्हा लॉरेन्स ऑलिव्हिएचा १९५५ सालचा 'रिचर्ड द थर्ड' लावला. पाठीला कुबड, लुळा हात, लांब नाक, आणि थेट कॅमेऱ्यात बघून आपले काळे बेत आपल्यालाच सांगणारा राजा. व्हिलन असावा तर असा!

पिक्चर संपल्यावर नेहमीच्या सवयीने नेटवर शोधाशोध सुरू केली आणि रात्रीचे दोन कधी वाजले ते कळलंच नाही.

ज्यांचा इतिहास माझ्यासारखाच दहावीला संपला त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. एप्रिल १४८३ मधे इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड वारला. थोरला मुलगा १२ वर्षांचा, धाकटा ९ चा. म्हणून काका रिचर्ड कारभारी झाला. दोन-अडीच महिन्यांत चित्र पालटलं. एडवर्डने आधीच दुसऱ्या बाईला लग्नाचं वचन दिलेलं होतं, तेव्हा नंतरचं लग्न बेकायदा आणि मुलं अनौरस, असं जाहीर झालं आणि काकाच राजा झाला. टॉवर ऑफ लंडनमधे ठेवलेली ती दोन मुलं त्या वर्षानंतर कुणाला दिसली नाहीत. (काका-पुतण्या म्हटलं की आपल्याला शनिवारवाडा आठवणारच.) दोन वर्षांनी, २२ ऑगस्ट १४८५ ला, बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला. वय ३२. जिंकलेला हेन्री ट्यूडर सातवा हेन्री म्हणून गादीवर बसला.

माझी झोप उडाली ती इथून पुढे.

नव्या राजाने काय केलं, तर आपली कारकीर्द २१ ऑगस्टपासून सुरू झाली असं ठरवून टाकलं. म्हणजे लढाईच्या आदल्या दिवसापासून! त्यामुळे रिचर्डच्या बाजूने लढलेले सगळे आपोआप राजद्रोही ठरले. लॉगमधला टाइमस्टँप बदलणारे लोक मी बघितलेत, पण एवढ्या मोठ्या प्रमाणावर नाही. रिचर्डचा गादीवरचा हक्क सांगणारा १४८४ चा कायदा त्याने वाचूनही न दाखवता रद्द केला आणि त्याच्या प्रती नष्ट करायचा हुकूम काढला. तरी मजकूर शिल्लक राहिलाच. बॅकअप कुठेतरी असतोच.

त्याहून भारी नमुना म्हणजे जॉन राउस. हा रिचर्डच्या हयातीत त्याची चांगला, न्यायी राजा म्हणून स्तुती करत होता. राज्य बदलल्यावर याच गृहस्थाने लिहिलं, की रिचर्ड दोन वर्षं आईच्या पोटात होता आणि जन्मला तेव्हा त्याला दात होते! राउसने स्वतःच्या जुन्या लिखाणाची एक प्रत सुधारून घेतली. दुसरी तशीच राहिली, म्हणून आज आपण दोन्ही शेजारी ठेवून फरक बघू शकतो. पुढे टॉमस मोरने रिचर्डचा इतिहास लिहिला, पण रिचर्ड मेला तेव्हा मोर जेमतेम सात वर्षांचा होता. शेक्सपिअर तर शंभर वर्षांनंतरचा, आणि गादीवर सातव्या हेन्रीची नात. तो वेगळं काय लिहिणार?

मग २०१२ मधे लेस्टर शहरातल्या एका कार पार्कखाली सांगाडा सापडला. रिचर्डच्या बहिणीच्या वंशजांशी डीएनए जुळला. कणा एका बाजूला वाकलेला होता, म्हणजे एक खांदा थोडा वर दिसला असेल. पण कुबड नाही, लुळा हात नाही. कवटीवर मात्र नऊ घाव. २०१५ मधे लेस्टरच्या कॅथीड्रलमधे त्याला रीतसर पुरलं.

त्याच्या १४८४ च्या पार्लमेंटने प्रजेकडून 'देणगी'च्या नावाखाली पैसे उकळायची पद्धत बंद केली आणि संशयावरून पकडलेल्यांना जामीन मिळायची सोय केली. हे नाटकात नाही.

म्हणजे बिचारा संत होता का? अजिबात नाही. लॉर्ड हेस्टिंग्जचं डोकं त्याने खटला न चालवता उडवलं. मुलांना मारल्याची कुजबुज त्याच्या हयातीतच, १४८३ मधेच, सुरू झाली होती. ती काही ट्यूडरांनी पसरवलेली नाही. मुलं त्याच्याच ताब्यात होती आणि ती जिवंत आहेत एवढं दाखवून त्याला सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. त्याने ते केलं नाही. माझं मत विचाराल तर खुनाचा संशय त्याच्यावरच जातो. पण कुबड खोटं होतं, आणि कुबड दिसलं की माणूस पुराव्याची चौकशी करत नाही.

आता खरी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आमच्या टीममधून एकजण सोडून गेला. त्याच्या शेवटच्या दिवसानंतर जे काही फुटलं ते 'त्याचं'. महिनाअखेरीला नोंदी डबल पडायला लागल्या तेव्हा रिपोर्ट मी लिहिला आणि कारण टाकलं: आधीच्या डेव्हलपरची चूक. कुणीही प्रश्न विचारला नाही. सहा महिन्यांनी व्हर्जन कंट्रोल उघडलं तर तो बदल तो गेल्यानंतर दोन आठवड्यांनी झालेला. नाव माझं. मी गुपचूप कोड दुरुस्त केला. रिपोर्ट तसाच ठेवला.

तोही काही संत नव्हता. कोडमधे पासवर्ड लिहून ठेवायचा, हँडओव्हर दोन पानी दिला. म्हणूनच तर माझं खपलं. खऱ्या चार चुकांना पाचवी खोटी चिकटवली तर कुणाला कळणार? आजही टीममधे नवीन आलेली पोरं, ज्यांनी त्याला बघितलेलंही नाही, त्याच्या नावाने विनोद करतात. मीही हसतो.

रविवारी सकाळी तो जुना रिपोर्ट उघडला, कारणाची ओळ बदलली, खाली आजची तारीख टाकली (आजचीच!) आणि मॅनेजरला मेल केला. त्यांचं एका ओळीत उत्तर आलं, "ठीक आहे, पण आता याचा काय उपयोग?"

पाचशे वर्षांनी लेस्टरमधे खणणाऱ्यांनाही कुणीतरी हेच विचारलं असणार.

त्याला फोन करायचा आहे. नंबर अजून आहे माझ्याकडे. अजून केलेला नाही.