अँटवर्पच्या पलीकडचे बेल्जियम : वालोनियाच्या प्रवासाची आखणी

बेल्जियम म्हटले की आपल्या व्यापारी कुटुंबांच्या डोळ्यांसमोर अँटवर्प उभे राहते. हिऱ्यांचा बाजार, तेथे स्थिरावलेली पालनपुरी कुटुंबे आणि विल्राइक उपनगरातील संगमरवरी जिनालय यांमुळे ते शहर आपल्याला परके वाटत नाही. मात्र तेथे जाणाऱ्यांपैकी अनेकांचा प्रवास अँटवर्प, ब्रसेल्स आणि ब्रुज एवढ्यावरच आटोपतो. देशाच्या दक्षिणेकडील फ्रेंच भाषक वालोनिया पाहायचा राहून जातो. ज्यांच्या घरात व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यांनी तर हा प्रदेश आवर्जून पाहावा. संपत्ती कशी येते, कशी जाते आणि तिची किंमत कोण मोजतो, याचा हिशेब तेथे उघडा आहे.

आखणीचा आरंभ पंचांगापासून करावा. डिसेंबरात तेथे सूर्य पावणेपाचच्या आतच मावळतो. चौविहार पाळणाऱ्याचा दिवस फिरण्यापूर्वीच संपतो. मेअखेरीस मात्र सूर्योदय साडेपाचच्या सुमारास आणि सूर्यास्त पावणेदहाच्या सुमारास होतो. दिवसभर फिरून, मुक्कामी येऊन, स्वतःच्या हाताने रांधून सूर्यास्तापूर्वी निवांत जेवता येते. शिवाय चातुर्मास अद्याप लागलेला नसतो आणि मुलांच्या शाळाही बंद असतात. म्हणून मेचा उत्तरार्ध ते जूनचा पहिला आठवडा हा काळ आपल्यासाठी उत्तम.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. अनेक देश पाहावयाचे असल्यास जेथे मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करावा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. तेथे कार्डाने पैसे देताना यंत्राने ‘रुपये की युरो’ असे विचारल्यास युरोच निवडावेत. रुपये निवडल्यास दर त्या यंत्रामागचा व्यावसायिक ठरवतो आणि तो बहुधा आपल्याला महागात पडतो.

मुक्कामासाठी हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. खाकरा, मूगडाळ, पोहे, मेतकूट, मसाले आणि पाणी गाळण्याचे फडके घरूनच न्यावे. मात्र युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. तूप, पेढे, दुधाची भुकटी सामानात नकोत. ताजा कढीपत्ताही नको. दूध, लोणी, भाज्या तेथे सर्वत्र मिळतात.

बाहेर खाताना मात्र सावध असावे. लिएजच्या प्रसिद्ध वाफलमध्ये अंडे असते. तळलेले बटाटे हा तेथील राष्ट्रीय खाऊ. कंदमुळाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ते परंपरेने बैलाच्या चरबीत तळतात. अनेक चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट वापरलेले असते. काही चॉकलेटांत मद्यही असते. चार शब्द पाठ करावेत: मांसाविना म्हणजे ‘सां व्यांद’, माशाविना ‘सां प्वासों’, अंड्याविना ‘सां झ’ आणि कांद्याविना ‘सां झोन्यों’. बटाट्याला तेथे ‘पोम द तेर’, म्हणजे ‘भूमीचे सफरचंद’ म्हणतात. कंदमूळ ओळखायला त्याचे नावच पुरे.

भाषेचा आणखी एक पेच रेल्वेत येतो. एकाच शहराची दोन नावे असतात. फ्रेंचमधील मॉन्स डचमध्ये बेर्गेन होते, लिएज ल्युइक होते, नामुर नामेन होते. अँटवर्पच्या फलकावर मॉन्स शोधणारा प्रवासी गाडी समोर असूनही चुकू शकतो. दोन्ही नावे वहीत लिहून ठेवावीत.

मुक्काम नामुर येथे ठेवावा. वालोनियाची ही राजधानी म्यूझ आणि सांब्र या नद्यांच्या संगमावर वसली आहे. वर किल्ला, खाली शांत जुने शहर. अँटवर्पहून ब्रसेल्समार्गे रेल्वेने येता येते. येथून दिनाँ अर्ध्या तासावर आहे. सॅक्सोफोनचा जनक अडोल्फ साक्स १८१४ मध्ये याच गावी जन्मला. नदी, कडा आणि त्याखालचे चर्च पाहून मन प्रसन्न होते. मात्र ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने या गावात ६७४ नागरिकांना ठार केले, हेही मुलांना सांगावे.

एक दिवस ला लुव्हियेरजवळच्या सांत्र कालव्यासाठी ठेवावा. तेथील चार जुन्या नौका-उद्वाहकांपैकी पहिला १८८८ मध्ये सुरू झाला. पाण्याने भरलेल्या दोन प्रचंड टाक्या. एक खाली आली की दुसरी वर जाते. आपल्या दुकानातील तराजूचेच तत्त्व! १९९८ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवले. जवळच २००२ मध्ये सुरू झालेला स्ट्रेपी-त्यू येथील आधुनिक उद्वाहक नौकांना ७३ मीटर चढवतो.

हे सारे कोळशाच्या वाहतुकीसाठी उभे राहिले. १८१७ मध्ये जॉन कॉकरिलने लिएजजवळ सरें येथे कारखाना उभारला आणि युरोपच्या मुख्य भूमीवर औद्योगिक युगात प्रथम पाऊल टाकणाऱ्या प्रदेशांत वालोनिया गणला गेला. शंभराहून अधिक वर्षे देशाची लक्ष्मी येथे नांदली. पुढे कोळसा महाग पडू लागला, खाणी मिटत गेल्या; १९८४ मध्ये येथील शेवटची खाण बंद झाली. तोवर संपत्ती उत्तरेकडे, एकेकाळच्या गरीब फ्लँडर्सकडे सरकली होती. एकाच मालावर उभ्या राहिलेल्या पेढीचे काय होते, हे समजावण्यास याहून मोठे उदाहरण नको.

शेवटचा दिवस शार्लरुआजवळच्या मार्सिनेलसाठी राखावा. १९४६ मध्ये इटली आणि बेल्जियम यांच्यात करार झाला: इटलीने मजूर द्यायचे, बेल्जियमने कोळसा. ८ ऑगस्ट १९५६ रोजी येथील ब्वा द्यु काझिये खाणीत पाळण्यात नीट न बसलेल्या एका डब्याने तेलाची नळी आणि विजेच्या तारा तोडल्या. आग लागली. २६२ माणसे मेली. त्यांपैकी १३६ इटालियन होती. आज तेथे स्मृतिस्थळ आणि संग्रहालय आहे.

श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आणि स्फोटकर्म यांची नावे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कोळसा आणि खोदकाम यांचे धंदे का टाळावेत, हा प्रश्न पाठशाळेत पाठांतरापुरता राहतो. मार्सिनेलला तो माणसांच्या नावांसह समोर उभा राहतो. सूक्ष्म जीवांची दया शिकवणाऱ्या परंपरेने खाणीतल्या माणसाचाही विचार केला पाहिजे. आपल्यापैकी कित्येक घरांचा व्यवहार आजही हिरा, धातू, रसायने यांत आहे. तो माल कोणाच्या हातांनी जमिनीतून वर आला, हे वहीखात्यात दिसत नाही. तेथे नवकार म्हणून बाहेर पडावे आणि परतीच्या गाडीत मुलांशी याविषयी मोकळेपणाने बोलावे. मुले अडचणीत टाकणारे प्रश्न विचारतील, तर विचारू द्यावेत.