डबीची मागची बाजू

आमच्या वाशीमकडं हिवाळ्यात अंग नुसतं कोरडं पडत नाही, उलतं. पिंढरीवर नख ओढलं की पांढरी रेघ उमटते, ओठांना सालपटं येतात आणि टाचांच्या भेगांत करडईचा दाणा बसेल अशी गत होते. तूर सोंगणीला जाणाऱ्या बाया घरी आल्या की आधी चुलीपाशी पाय शेकायच्या आणि मग भेगांत मेण-तेलाचं मलम भरायच्या. लहानपणी क्रीम हा शब्द मी फक्त बिस्किटासंदर्भात ऐकला होता. अंगाला लावायचं ते तेल. तीळ, जवस, करडई, ज्याच्या शेतात जे पिकलं ते घाण्यावरून काढून आणलेलं. केसांसाठी खोबरेल, पण डिसेंबरात ते बाटलीत थिजून बसायचं आणि बाटली चुलीजवळ ठेवावी लागायची.

आजीकडं काशाची वाटी होती. रात्री जेवणं आटोपली, भांडी घासून झाली की ती पाय लांब करायला लावायची, तळव्याला बोटभर तूप चोपडायची आणि वाटीचं पालथं बूड गोलगोल फिरवायची. थोड्या वेळानं तुपाचा रंग बदलायचा. आधी करडा, मग काळपट, आणि शेवटी तळव्यावर काजळी फासल्यागत थर. "पाह्य वं पोरी, कशी गरमी निंघाली अंगातली!" आजी समाधानानं म्हणायची आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पाय पुसून द्यायची. बीएस्सीला रसायनशास्त्र घेतल्यावर उमगलं की कासं म्हणजे तांबं आणि कथील, आणि तुपातली स्निग्धाम्लं, घाम आणि घासणं यांनी त्या धातूचा अंश सुटून तूप काळं होतं. गोरीपान बाई असो की सावळी, ताप असो नसो, तूप काळं होणारच. हे आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं मंग, तुले झोप तं लागली ना?" झोप लागायची, हे मात्र खरं.

गावात एक वैद्य होते. त्यांच्या ओसरीवर तांब्याच्या परातीत तूप धुवायचं काम चाले. पाणी घालायचं, तळहातानं फेटायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं पाणी. शंभरदा धुतलेलं म्हणून शतधौत घृत. पिवळसर, रवाळ तूप हळूहळू पांढरं पडतं, फुगतं, आणि शेवटी बोटावर घेतलं तर तेलकटपणा लागत नाही, गार लागतं. भाजलेल्या जागेवर, उन्हानं पोळलेल्या कातडीवर ते लावत. पाण्याचे बारीक थेंब तुपात अडकले की त्याचं असं मलम होतं, आणि जगातलं कुठलंही क्रीम मुळात हेच आहे: तेल, पाणी आणि दोघांना धरून ठेवणारं तिसरं काहीतरी. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाच्या वैद्यानं मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी घोटून जे केलं, त्याला कोल्ड क्रीमचा पूर्वज म्हणतात. त्यातलं पाणी टिकून राहत नसे. 1911 साली जर्मनीत 'निव्हिया' निघालं ते मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढलेल्या एका द्रव्यामुळं. त्या द्रव्यानं पाणी घट्ट धरलं आणि डबी दुकानात महिनोन् महिने टिकू लागली. मेंढरं कातरणाऱ्यांचे हात मऊ राहतात म्हणतात, ते याच चरबीनं.

आईच्या पेटीत मात्र स्नो होता. मुंबईच्या पाटणवालांनी 1919 साली काढलेला 'अफगाण स्नो' तोवर घराघरांत पोहोचला होता, आणि कुठल्याही कंपनीचा असला तरी आमच्याकडं त्याला स्नोच म्हणत. आई तो लग्नाकार्यालाच काढायची. चेहऱ्यावर पाच ठिपके, मग चोळायचं, आणि बघता बघता तो नाहीसा व्हायचा. स्टिअरिक आम्लाचा थोडासा भाग अल्कलीनं साबणात बदलायचा आणि उरलेलं आम्ल त्या साबणाच्या पाण्यात घुसळायचं, अशी त्याची कृती. पाणी उडून गेलं की कातडीवर मोतिया रंगाचा पातळ पापुद्रा राहतो. तेल जवळपास नसतंच. म्हणून झाकण नीट लागलं नाही तर स्नो सुकून बरणीपासून सुटायचा, आणि म्हणूनच उललेल्या अंगाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. दिसायला छान आणि थंडीला निरुपयोगी, असं आईनंच त्याचं वर्णन केलं होतं.

मी मागची बाजू पहिल्यांदा वाचली ती हिरव्या ट्यूबची. कलकत्त्याला 1929 साली सुरू झालेलं 'बोरोलीन'. बोरिक ॲसिड, झिंक ऑक्साइड, लॅनोलिन. बोरिक ॲसिड कॅरमच्या बोर्डावर टाकायची पावडर म्हणून ओळखीचं, झिंक म्हणजे जस्त, आणि लॅनोलिन म्हणजे पुन्हा तीच मेंढीची चरबी. एवढ्या दिमाखदार ट्यूबमध्ये धनगराच्या वाड्यातलं आणि भांड्यांच्या दुकानातलं साहित्य निघालं, याचा मला फार आनंद झाला. तेव्हापासून सवयच लागली. दुकानदार पुढची बाजू दाखवतो, मी उलटी करते.

पुढच्या बाजूनं आमच्या पिढीच्या पोरींना छळलं. 1975 साली हिंदुस्थान लिव्हरनं 'फेअर अँड लव्हली' आणली आणि पाहण्याच्या कार्यक्रमाच्या तयारीत गोऱ्या रंगाची ट्यूब हा एक खर्चच होऊन बसला. माझ्या मावसबहिणीला स्थळ पाहायला यायच्या महिनाभर आधीपासून रोज दोनदा लावायला लावायचे. मावशी रोज तिचा हात तिच्याच गालाशी धरून रंग ताडून पाहायची. कापसाच्या शेतात दिवसभर ऊन खायचं आणि संध्याकाळी बोटभर मलमाकडून चमत्काराची अपेक्षा करायची! त्या ट्यूबमधलं मुख्य द्रव्य नायसिनामाइड, म्हणजे ब-3 जीवनसत्त्व. ते वाईट नाही. कातडीचा रंग पेशींपर्यंत पोहोचवण्याच्या कामात ते थोडा अडथळा आणतं, डाग फिके करतं, पण सावळीची गोरी करत नाही. 2020 साली त्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. पाहुण्यांची नजर बदलायला मात्र कंपनीच्या हातात काही नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी बदलली नसती, असं मला वाटतं.

आता भाचीचं युग आहे. ती पुण्याला नोकरी करते आणि दिवाळीला येताना बरण्यांची पिशवी आणते. तिच्या एका बरणीची किंमत ऐकून तिचा बाप म्हणाला, "एवढ्यात सोयाबीनच्या बियाण्याची बॅग येते." मी तिची ती बरणी आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधलं साधं क्रीम ओट्यावर शेजारी उलटं ठेवलं आणि चष्मा लावला. आपल्याकडच्या नियमानुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले मग कोणत्याही क्रमानं लिहिले तरी चालतात. दोन्हींवर पहिलं पाणी. मग ग्लिसरीन. मग सीटिल अल्कोहोल, ज्याचा दारूशी संबंध नाही, तो मेणचट पदार्थ आहे. ग्लिसरिल स्टिअरेट, म्हणजे आईच्या स्नोच्या भाऊबंदांपैकी. पुढं महागड्या बरणीत सिलिकोन, ज्यानं बोट गुळगुळीत फिरतं, आणि साध्या क्रीममध्ये पेट्रोलॅटम, म्हणजे व्हॅसलीन.

केशराचं चित्र महागड्या बरणीवर ठळक होतं. यादीत केशर सापडलं ते फिनॉक्सिएथेनॉलच्या खाली. क्रीम खराब होऊ नये म्हणून हे घालतात, आणि ते एक टक्क्याच्या वर घालायला परवानगी नाही. म्हणजे त्याच्या खाली जे जे लिहिलंय ते एक टक्क्याच्या आतलंच. ही खूण मला फार आवडते. बदाम, केशर, चंदन, कोरफड या मंडळींना तिच्या वर चढता येतं का ते पाहायचं, बस्स. अर्थात खालचं सगळं दिखाऊ असं नाही. रेटिनॉल एक टक्क्याहून कमी असूनच काम करतं. उलट नायसिनामाइडला दोन ते पाच टक्के हवेत. आणि उललेल्या टाचांना यापैकी कशाचीच गरज नसते, त्यांना दहा टक्क्यांच्या आसपास युरिया असलेलं मलम लागतं. हो, तोच युरिया, पिकाला देतो तो. फक्त शुद्ध केलेला. पोत्यातला घेऊन टाचांना चोळू नका.

भाचीच्या बरणीत मधे एके ठिकाणी 'ग्लायसिन सोजा ऑइल' होतं. हे आपलंच सोयाबीन. वाशीमच्या बाजार समितीत ओलावा जास्त म्हणून ज्याचा भाव पाडतात, ते लॅटिन नाव घेऊन पुण्याहून परत आलं होतं. लेसिथिनही बहुतेकदा सोयाबीनचं, टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्वही पुष्कळदा सोयाबीनच्या तेलातून काढलेलं. 'सेसमम इंडिकम' तीळ, 'कार्थॅमस टिंक्टोरियस' करडई. आजीचा सगळा घाणा त्या यादीत बसला होता.

आयुर्वेदिक क्रीमची मागची बाजू वेगळी असते. तिथं प्रत्येक वनस्पतीचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये दिलेलं, वाचून धन्य वाटतं. पण शेवटची ओळ पाहा: 'क्रीम बेस क्यू. एस.', म्हणजे लागेल तेवढा. वनस्पतींची बेरीज केली तर ती बरेचदा थोडीच भरते. उरलेलं जवळजवळ सगळं क्रीम त्या दोन अक्षरांत असतं, आणि त्यात काय आहे ते कळत नाही. नावाला आयुर्वेदिक, अंगाला स्टिअरेट.

महाग की स्वस्त, हा वाद मी तरी सोडून दिलाय. दोन्हींच्या मागं काहीतरी लिहिलेलं असतं, पटलं तर घ्यावं. मला धास्ती वाटते ती वेगळ्या दोन ट्यूबांची.

पहिली मेडिकलमध्ये मिळते. "मुरूम आहे, डाग आहे, काहीतरी द्या" म्हटलं की काउंटरवर एक छोटी ट्यूब येते. आमच्या गल्लीतल्या एका पोरीला अशीच मिळाली. आठवड्यात चेहरा उजळला, मैत्रिणींनीही आणल्या. काही महिन्यांनी गाल लाल, उन्हात गेलं की आग, हनुवटीवर लव, आणि बंद केलं की आधीपेक्षा दुप्पट पुरळ. म्हणून पुन्हा सुरू. ट्यूबवर बारीक अक्षरांत मोमेटासोन लिहिलेलं होतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टिरॉइडं. इसब-सोरायसिसला डॉक्टरांनी ठरावीक दिवस दिली तर गुणकारी, पण चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली तर कातडी पातळ करणारी. आधी रक्तवाहिन्या आवळतात म्हणून गोरं दिसतं, मग त्याच वाहिन्या फुगून जाळं दिसू लागतं. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. खोक्यावर 'आरएक्स' आणि इशारा छापलेला असतोच. तरी ट्यूब काउंटरवर येते.

दुसरी ट्यूब त्याहून वाईट, कारण तिच्या मागं वाचायलाच काही नसतं. तिची गोष्ट कळली ती अकोल्याहून, आणि अकोला आम्हाला परका नाही. 1 जुलै 1998 पर्यंत आमच्या पत्त्यातही जिल्हा अकोलाच होता आणि मोठ्या दुखण्याला आजही पहिली धाव तिकडंच असते. तिथली एक जैवतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, अशा एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आल्याची बातमी 2023 च्या सुरुवातीला आली. तिघी एकच गोरेपणाचं क्रीम लावत होत्या, ब्युटी पार्लरमधून घेतलेलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते तपासलं तेव्हा त्यात मर्यादेच्या कितीतरी पट पारा सापडला. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये चुकून आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाच्या वर चालत नाही. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे 22 रुग्ण तपासले. त्यांतल्या 15 जणांच्या आजाराची खूण एकसारखी होती आणि त्यांपैकी 13 जण गोरेपणाचं क्रीम वापरत होते.

पारा गोरं करतो, हे खोटं नाही. कातडीचा रंग बनवणाऱ्या विकराला काम करायला तांबं लागतं, पारा त्याचं काम बंद पाडतो. म्हणूनच तर अशी क्रीमं विकली जातात. कातडीतून तो रक्तात जातो, आणि लावणाऱ्या आईच्या गालाला गाल लावणाऱ्या लेकरालाही लागतो. यादी छापलीच असेल तर त्यात मर्क्युरी, मर्क्युरिक, कॅलोमेल असे शब्द शोधावेत. काही डब्यांवर 'सोन्या-चांदीचा, ॲल्युमिनियमचा स्पर्श टाळा' असं लिहिलेलं असतं. जे क्रीम अंगठीला चालत नाही ते गालाला कसं चालेल, हे वाचूनही विकत घेणारे आहेतच.

पार्लरमधून, जत्रेतून, ओळखीच्या कुणी मुंबईहून आणून दिलेली, बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसलेली डबी घरात असेल तर आजच लावणं थांबवा. लावून काही महिने झाले असतील आणि पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज दिसत असेल, लघवीला फेस येत असेल, तर वाशीमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा जवळच्या कुठल्याही प्रयोगशाळेत लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. साधी तपासणी आहे. केरळातल्या बहुतेक रुग्णांचा आजार क्रीम बंद केल्यावर आटोक्यात आला. डॉक्टरांकडं जाताना ती डबी फेकू नका, सोबत न्या.