एकाच वहीचे दोन भाव

शाळा उघडण्यास आठवडा उरला, की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील घराघरांत एक यादी फिरू लागते. एकरेघी वह्या इतक्या, चौकडीच्या इतक्या, कंपासपेटी, दप्तर, रंगपेटी. यादी मुलांची, पण तिचा भार आईबापांच्या शिरावर. मग कोणी तालुक्याच्या बाजारात जातो, कोणी शुक्रवार साधून म्हापसा गाठतो, सीमेलगतचे लोक बांद्यापर्यंतही जाऊन येतात. आणि घरी परतल्यावर प्रत्येकजण निराळाच भाव सांगतो.

मागे एका वर्षी मीही धर्मशिक्षणाच्या वर्गातील काही मुलांसाठी वह्या आणावयास म्हापशास गेलो होतो. दुकानदाराने माझा झगा पाहिला, बसावयास खुर्ची पुढे केली, आणि ६० रुपये छापील किमतीची वही ४८ रुपयांस दिली. "फादर, तुमच्याकडून जास्त कसे घेऊ?" असे तो म्हणाला, आणि खरे सांगावयाचे तर, मला ते गोड वाटले.

रविवारी मिस्सानंतर वह्या वाटताना मी हा सौदा मोठ्या कौतुकाने सांगू लागलो. ऐकणाऱ्यांत आमच्या धर्मग्रामातील एक विधवा होती. काजूच्या हंगामात मजुरी करून साठविलेल्या पैशांतून तिने त्याच आठवड्यात, त्याच दुकानातून, त्याच वह्या डझनभर घेतल्या होत्या. रोख पैसे मोजून, ६० रुपयांप्रमाणे. ती रागावली नाही. "असू दे, फादर. कमी करा म्हणायला मला जमले नाही," एवढेच म्हणाली. १२ वह्यांमागे १४४ रुपये! तेवढ्यात तिच्या धाकट्याची कंपासपेटी आली असती. तो फरक मी तीस देऊ केला, पण तिने घेतला नाही.

पुढे मी त्या दुकानदारास भेटलो. तो काही दुष्ट मनुष्य नव्हे. दुकानाचे भाडे, मालाची वाहतूक, बुडणारी उधारी हे सर्व त्याने मजसमोर मांडले. "जो मागतो त्याला कमी करतो, जो मागत नाही त्याला छापील भाव. यात कायद्याबाहेर काय?" असे त्याने विचारले.

कायद्यापुरते त्याचे म्हणणे खरे होते. आवेष्टित वस्तूंसंबंधी २०११ च्या नियमांप्रमाणे छापील किंमत ही सर्व करांसह कमाल किंमत असते. तिच्याहून अधिक घेणे, किंवा तिच्यावर चिठ्ठी डकवून ती वाढविणे हा गुन्हा आहे. कमी घेण्यास मात्र मुभा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली व खोडरबर यांवरील वस्तू व सेवा करही उठला आहे. तेव्हा कराच्या नावाखाली कोणी जादा पैसे मागितल्यास ते देऊ नयेत, पावती मागून घ्यावी, आणि जरूर पडल्यास ग्राहकांसाठी असलेल्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी.

परंतु कायदा गप्प बसतो तेथे विवेकबुद्धीने बोलावयाचे असते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात खरेदी-विक्रीतील न्यायाचा विचार केला आहे. योग्य किंमत काटेकोर गणिताने ठरत नाही, थोडे अधिक-उणे चालावयाचेच, हे त्यांस मान्य होते. मात्र घेणाऱ्याची नड पाहून भाव चढवू नये, कारण ती नड विकणाऱ्याच्या मालकीची नाही, असे ते सांगतात. सेमिनरीत हे मी पाठ केले होते; त्याचा अर्थ त्या बाईच्या एका वाक्याने कळला. माणसाचे तोंड पाहून भाव ठरू लागला, तर ज्याला बोलता येत नाही त्यानेच अधिक मोजावयाचे, असा त्याचा हिशेब होतो.

आणि दोष एकट्या दुकानदाराचा होता काय? संत याकोब आपल्या पत्रात, सभेत आलेल्या श्रीमंतास मानाचे आसन देणाऱ्या व गरिबास उभे ठेवणाऱ्या लोकांची कानउघाडणी करतात. ते वाचताना मला पुढे केलेली ती खुर्ची डोळ्यांपुढे येते. मी तीवर बसलो, आणि हाच भाव सर्वांस आहे काय, असे विचारले नाही.

त्यानंतरच्या वर्षी आम्ही वाड्यावरील साऱ्या घरांच्या याद्या महिनाभर आधी गोळा केल्या. शेजारची हिंदू कुटुंबेही त्यांत आली. त्याच दुकानदाराकडून एकदम माल घेतला आणि वही सर्वांस ५० रुपयांस पडली. मला दोन रुपये जास्त पडले, याचा आनंदच वाटला. सौदा करावयास आम्ही तिघे गेलो होतो. त्यांत ती बाईही होती, आणि या खेपेस भाव तिनेच विचारला.

वाचकहो, यंदा यादी हाती येताच शेजाऱ्याचीही यादी विचारा. आणि दुकानात तुम्हांस कोणी विशेष सूट देऊ केली, तर मी जे विचारले नाही ते तुम्ही अवश्य विचारा.